अब्बांची फियाट

(मुंबईच्या रस्त्यांवर अनेक वर्षे धावलेली काळी-पिवळी फियाट टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निवृत्त झाली. या पाठात एका टॅक्सीचालकाच्या मुलीने आपल्या घरच्या पहिल्या मोटारीच्या आठवणी सांगितल्या आहेत. त्या मोटारीची रचना कशी होती आणि एका कठीण प्रसंगी ती रचना कशी उपयोगी पडली, हे वाचा.)

आमच्या घरात आलेली पहिली मोटार म्हणजे अब्बांची टॅक्सी. अंग काळे, टप पिवळा. कागदपत्रांवर तिचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ असे होते. पण टॅक्सीवाले, मेस्त्री, प्रवासी, हवालदार असे सगळेच तिला फियाट म्हणत. आम्हीही फियाटच म्हणत असू.

त्याआधी अकरा वर्षे अब्बा दुसऱ्याची टॅक्सी चालवत होते. रोज मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, पेट्रोल भरायचे आणि उरलेल्या पैशांत सहा माणसांचे घर चालवायचे. १९९६ साली त्यांनी बँकेचे कर्ज काढले. अम्मीने आपल्या दोन बांगड्या मोडल्या. मग एके दिवशी मदनपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत स्वतःची टॅक्सी उभी राहिली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. दादीने ‘बिस्मिल्ला’ म्हणून गाडीचे दार उघडले आणि गल्लीतल्या मुलांना बत्तासे वाटले. अब्बांनी मात्र दार उघडले नाही. त्यांनी आधी पुढचे झाकण उघडले आणि इंजिनकडे बराच वेळ पाहत राहिले.

ही गाडी मुंबईचीच होती. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना कुर्ल्याला होता. या कंपनीने पुढे इटलीतील फियाट कंपनीशी करार केला. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात ‘फियाट ११०० डिलाइट’ ही मोटार तयार होऊ लागली. १९७४ मध्ये तिला पद्मिनी हे नाव मिळाले. नाव बदलले, तरी गाडी मूळची तीच राहिली.

तिचा मूळ आराखडा मात्र इटलीचा. फियाट ११०० या गाडीचे हे नवे रूप तिथे १९५३ मध्ये बाजारात आले. दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते तयार झाले होते. दुसरे महायुद्ध संपून तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. लोकांच्या हातात पैसा कमी होता आणि पेट्रोल महाग होते. मोठ्या कुटुंबाला पुरेल, थोड्या पेट्रोलवर चालेल आणि चढउताराच्या रस्त्यांवर टिकेल अशी गाडी त्यांना हवी होती. आपल्याकडच्या लोकांनाही नेमके हेच हवे होते. म्हणून दूर देशातली ही गाडी मुंबईत परकी वाटली नाही.

अब्बा सातवीपर्यंतच शिकले होते. पण गाडीतली प्रत्येक वस्तू जिथे आहे तिथेच का आहे, याचा ते विचार करत. रविवारी सकाळी ते गाडी धूत आणि मी बादलीतून पाणी आणून देई. तेव्हा ते मला कोडी घालत.

एकदा त्यांनी विचारले, “बेटा, ट्रकच्या खाली लोखंडाचा जाड सांगाडा असतो. आपल्या गाडीच्या खाली तसा सांगाडा नाही. मग हिचा भार कोण पेलतो?”

मला उत्तर येईना. अब्बांनी खिशातून काड्यापेटी काढली. आतला खण बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला. तो दाबला तर लगेच वाकत होता. मग त्यांनी तो पुन्हा पेटीत सरकवला. आता पेटी सहज वाकेना.

“पुठ्ठा तोच आहे,” अब्बा म्हणाले, “पण सगळ्या बाजू एकमेकींना धरून आहेत, म्हणून तो मजबूत झाला. आपल्या गाडीचेही तसेच आहे. तळ, टप, खांब, बाजूचे पत्रे सगळे एकत्र जोडलेले आहेत. भार सर्वांनी मिळून उचलायचा.”

या रचनेमुळे गाडीचे वजन सुमारे ९०० किलोच होते. वजन कमी, म्हणून इंजिनही लहान चालले. चार सिलिंडरांचे आणि १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे ते इंजिन होते. त्याची ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. आजच्या मानाने ही ताकद फार नाही. पण चार प्रवासी आणि त्यांचे सामान घेऊन ती गाडी मलबार हिलचा चढ चढून जाई.

दुसरे कोडे गिअरच्या दांड्याचे होते. पुष्कळ गाड्यांत हा दांडा दोन आसनांच्या मध्ये, जमिनीवर असतो. आमच्या फियाटमध्ये तो स्टिअरिंगच्या खाली बाजूला होता. त्यामुळे पुढची जागा मोकळी राहिली आणि तिथे एक सलग बाक बसवता आला. ईदच्या दिवशी अब्बा धंदा बंद ठेवत. पुढच्या बाकावर अब्बा, दादी आणि धाकटा भाऊ. मागे अम्मी, आपा आणि मी. असे आम्ही सहाही जण एकाच गाडीतून जुहूच्या चौपाटीवर जात असू. एकालाही घरी ठेवावे लागत नसे. गिअरचा दांडा थोडा वर सरकवला, एवढीच ती युक्ती. पण तिच्यामुळे सगळे घर एका गाडीत मावले.

माझी सर्वांत आवडती वस्तू म्हणजे पुढच्या दाराची तिकोनी काच. मोठ्या काचेच्या पुढे ही लहान काच होती आणि ती एका खिळीवर फिरत असे. ती पूर्ण फिरवली की धावत्या गाडीतली हवा तिच्यावर आपटून थेट आत येई. थोडीशीच तिरपी उघडली तर उलटे घडे. बाहेरून वेगाने जाणारी हवा आतली गरम हवा ओढून घेई. वीज नाही, पंखा नाही, खर्च नाही! मे महिन्याच्या दुपारी प्रवासी घामाघूम होऊन गाडीत बसत. अब्बा हात लांब करून ती काच फिरवून देत. प्रवासी म्हणत, “वा! बरे वाटले.”

टपाच्या कडेने दारांच्या वर एक बारीक पन्हळ होती. पावसाचे पाणी तिच्यातून वाहून मागे जाई, ते दार उघडणाऱ्याच्या डोक्यावर पडत नसे. त्याच पन्हळीला सामानाच्या कॅरिअरचे पाय पकडवलेले असत. म्हणजे एकच वस्तू दोन कामे करी. पुढे मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर चालू लागल्या. गॅसचा सिलिंडर डिकीत बसवला आणि तिथली बरीच जागा गेली. तेव्हा टपावरचा हा कॅरिअरच कामास आला. स्टेशनवरून येणाऱ्यांच्या ट्रंका आणि वळकट्या त्यावर चढत.

गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूला बाहेरून मीटर बसवलेला असे. प्रवासी बसले की अब्बा हात बाहेर काढून त्याची दांडी खाली पाडत. ‘टण्’ असा आवाज होई. त्या आवाजावर आमचे घर चालत होते.

आता मी त्या दिवसाची गोष्ट सांगते, ज्या दिवशी हा आवाज बंद पडला.

२६ जुलै २००५. मंगळवार होता. मी तेव्हा नववीत होते. दुपारनंतर पावसाचा जोर एकाएकी वाढला. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदीला पूर आला. कुर्ला, कलिना आणि आसपासचे भाग पाण्याखाली गेले. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. टेलिफोन बंद पडले.

अब्बा एका वृद्ध जोडप्याला घेऊन कुर्ल्याच्या टर्मिनसकडे निघाले होते. रात्र झाली तरी ते परतले नाहीत. अम्मी जानमाजवर बसून राहिली. दादी दर थोड्या वेळाने खिडकीपाशी जाई. त्या रात्री आमच्या घरी कोणीही झोपले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अब्बा आले. पायांत चप्पल नव्हती. कपडे चिखलाने माखले होते. ते कलिन्याहून चालत आले होते. पाणी दारापर्यंत चढले तेव्हा त्यांनी त्या जोडप्याला हाताला धरून एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर नेले. तिथल्या एका कुटुंबाने त्यांना आत घेतले, कोरडे कपडे दिले, चहा दिला. कोणी कोणाचे नाव विचारले नाही. सकाळपर्यंत टॅक्सी काचांपर्यंत पाण्यात बुडाली होती.

“गाडी?” अम्मीने हळू आवाजात विचारले.

“माणसे वाचली,” अब्बा म्हणाले. “गाडीचे बघू.”

बोलायला सोपे होते. सीएनजी बसवण्यासाठी घेतलेल्या पैशांचे हप्ते अजून चालू होते. आपाचे लग्न दोन महिन्यांवर आले होते. गाडी चालली नाही तर घर कसे चालणार, हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता.

पाणी ओसरल्यावर अब्बांनी गाडी ओढून भायखळ्याला आणली. तिथे आमच्या ओळखीचे मेस्त्री काका होते. त्यांचे छोटे गॅरेज होते. अब्बांना जे काही मराठी येत होते, ते बरेचसे या काकांच्या गॅरेजमध्येच शिकलेले होते. काकांनी पहिला प्रश्न विचारला, “भाई, पाण्यातून काढल्यावर स्टार्टर मारला होता का?”

“नाही, मेस्त्री. चावीला हातसुद्धा लावला नाही,” अब्बा म्हणाले.

“मग अर्धी गाडी वाचली!” काका म्हणाले.

मी कारण विचारले. काका म्हणाले, “पोरी, सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली होतो. तो वर येताना हवा दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. आत पाणी असताना स्टार्टर मारला, तर पिस्टन मध्येच अडतो आणि त्याचा दांडा वाकतो. मग इंजिनच खलास!”

काकांनी चारही प्लग काढले. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून आम्ही ती हळूहळू ढकलली. चाकांबरोबर इंजिन फिरले आणि प्लगच्या भोकांतून गढूळ पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. ऑइल काढले, तर ते दुधाच्या चहासारखे दिसत होते. ते टाकून नवे भरले, पुन्हा काढले, पुन्हा भरले. गिअरबॉक्स आणि मागच्या धुरीचे ऑइलही बदलले. कार्बुरेटर सुटा करून धुतला. स्टार्टर खोलून वाळवला. चारही चाकांचे ब्रेक उघडून चिखल काढला. गॅसचा सिलिंडर तपासणीसाठी पाठवला. बाक बाहेर काढून चाळीच्या गच्चीवर उन्हात ठेवले. पावसाळ्यातले ऊन ते! आले की आम्ही बाक पुढे सरकवायचो, ढग आले की ताडपत्री टाकायचो.

माझ्याकडे डिस्ट्रिब्यूटरचे काम आले. प्रत्येक प्लगला योग्य वेळी ठिणगी पोहोचवणारा हा भाग. काकांनी त्याच्या आतले दोन लहान पॉइंट दाखवले आणि हातात पॉलिश पेपर दिला. “चमकले पाहिजेत,” एवढेच ते म्हणाले. शाळा सुटली की मी दप्तर घेऊनच गॅरेजमध्ये जाई. त्या दिवसांत मला एक गोष्ट नीट समजली. या गाडीचे झाकण उघडले की इंजिनच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती. प्रत्येक भागापर्यंत हात पोहोचत होता. मोजक्या पान्यांनी जवळजवळ सगळी गाडी खोलता येत होती. जो भाग बिघडला तोच काढायचा, बाकीच्यांना धक्का लागत नसे. मुंबईत अशा हजारो टॅक्सी होत्या, त्यामुळे कोणताही सुटा भाग बाजारात मिळत होता. शेजारच्या गॅरेजमध्ये एक नवी, महागडी मोटार आली होती. तिच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेत पाणी शिरले होते आणि भाग बाहेरून येईपर्यंत तिला थांबावे लागले.

दहाव्या दिवशी सगळे भाग जागेवर बसले. अब्बांनी चावी फिरवली. पहिल्यांदा नुसती घरघर झाली. दुसऱ्यांदाही तसेच. काकांनी कान लावून ऐकले, डिस्ट्रिब्यूटर केसभर फिरवला आणि म्हणाले, “आता मारा, भाई.” इंजिन खोकले, थोडा पांढरा धूर सोडला आणि चालू झाले. अब्बांनी काकांचे तेलकट हात आपल्या दोन्ही हातांत धरले. दोघेही काही बोलले नाहीत.

आपाचे लग्न ठरलेल्या दिवशीच झाले. नवरा-नवरी त्याच गाडीतून गेली.

त्यानंतरही फियाट अकरा वर्षे धावली. मुंबईत टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा ठरली होती. त्यानुसार २०१६ मध्ये आमची गाडी मोडीत निघाली. गाडीचा कारखानाही तोपर्यंत बंद झाला होता. २००० सालाच्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले होते. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. तिचीही २० वर्षे २०२३ मध्ये पूर्ण झाली आणि या गाड्यांचा मुंबईतला प्रवास संपला.

अब्बांनी नंतर नवी गाडी घेतली. ती थंड हवा देते. तिचे ब्रेक जास्त चांगले आहेत. तिच्यात सुरक्षापट्टे आणि हवेच्या पिशव्या आहेत. ती धूरही कमी सोडते. फियाटचे स्टिअरिंग जड होते आणि अपघातात माणसाला वाचवण्याची आजच्यासारखी साधने तिच्यात नव्हती. म्हणून जुने ते सगळे चांगले, असे अब्बा कधी म्हणत नाहीत. ते एवढेच म्हणतात, “नवी गाडी मला नेते-आणते. फियाट मला शिकवत होती.”

चांगली रचना म्हणजे केवळ दिसायला सुंदर वस्तू नव्हे. ती कोण वापरणार, कोणत्या रस्त्यावर वापरणार, बिघडली तर कोण दुरुस्त करणार, याचा विचार जिने केला आहे तीच चांगली रचना. इटलीतल्या अभियंत्याने मदनपुरा पाहिला नव्हता. पण साध्या माणसाच्या गरजा त्याने ओळखल्या होत्या, आणि त्या गरजा दोन्हीकडे सारख्याच होत्या. तुमच्या घरातही एखादे जुने शिवणयंत्र, सायकल किंवा घड्याळ असेल. घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन ते एकदा उघडून पाहा. त्यातला प्रत्येक भाग जिथे आहे तिथेच का आहे, असे स्वतःला विचारा.

शब्दार्थ

टप – गाडीचे छत
बांगड्या मोडणे – गरजेसाठी सोन्याच्या बांगड्या विकणे
आराखडा – नकाशा, रचनेची योजना (उर्दू : खाका)
सांगाडा – आधार देणारी चौकट (उर्दू : ढाँचा)
पन्हळ – पाणी वाहून नेणारी अरुंद नळी किंवा खाच (उर्दू : परनाला)
वळकटी – गुंडाळलेले अंथरूण
पाणी ओसरणे – पाणी कमी होणे
धुरी – चाके जोडणारा दांडा
मोडीत निघणे – भंगारात जाणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखिका कोणत्या मोहल्ल्यात राहत होती?
(आ) गिअरचा दांडा कोठे होता?
(इ) मेस्त्री काकांनी पहिला प्रश्न कोणता विचारला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अब्बांनी काड्यापेटीच्या साहाय्याने काय समजावून सांगितले?
(आ) तिकोनी काचेमुळे गाडीत हवा कशी खेळत असे?
(इ) ‘माणसे वाचली. गाडीचे बघू.’ या वाक्यांतून अब्बांचा कोणता गुण दिसतो?

३. कारणे लिहा.
(अ) पाण्यातून काढल्यावर अब्बांनी चावीला हात लावला नाही, म्हणून अर्धी गाडी वाचली.
(आ) सीएनजी आल्यावर टपावरचा कॅरिअर अधिक उपयोगी पडला.

४. पुढील शब्दसमूहांचा वाक्यांत उपयोग करा.
घामाघूम होणे, कामास येणे, भार पेलणे.

५. तुमच्या घरातील एका जुन्या वस्तूविषयी दहा ओळी लिहा.